आधी सीटची दांडी हलवून दाखवा : जुनी स्टीलची रेसर सायकल ऑनलाइन घेण्याआधी

माझ्या पडवीत एक निळी रेसर भिंतीला टांगलेली आहे. येणारे-जाणारे विचारतात, ‘‘चालवत नाही का?’’ मी विषय बदलतो. नऊ हजारांना ऑनलाइन घेतली होती. फोटोत रंग झकास, नळीवर रेनॉल्ड्स ५३१ या नामांकित स्टीलच्या नळीचं स्टिकर, जोडांवर सोनेरी रेघा. मुंबईत समुद्राकडे तोंड असलेल्या गॅलरीत ती बारा वर्षं उभी होती. विकणाऱ्याने हे लपवलं नव्हतं, मीच विचारलं नव्हतं. रत्नागिरीला आणली आणि सीट माझ्या उंचीला लावायला गेलो, तर दांडी जागची हलेना. तेल सोडलं, स्प्रे मारला, आठ दिवस वाट पाहिली. मग आमच्या आळीतल्या सायकलवाल्या अण्णांनी दांडी व्हाइसमध्ये धरून अख्खी फ्रेम फिरवून पाहिली, आणि दांडी फ्रेमच्या तोंडाशी कटकन तुटली. अण्णा म्हणाले, ‘‘ही आता निघायची न्हाय. रुजलीय ती आत.’’

गेल्या दिवाळीनंतर चिपळूणहून भाच्याचा मेसेज आला. लाल रंगाची, वाकड्या हँडलची सायकल, चार फोटो आणि खाली ‘व्हिंटेज रोड बाइक, रेअर पीस’. पाठोपाठ दुसरा मेसेज : ‘‘मामा, घेऊ का? उद्या दुसरा कोणीतरी उचलेल.’’ उचलू दे म्हटलं. जी सायकल चाळीस वर्षं कोणी उचलली नाही, ती आणखी चार दिवस थांबेल. त्या चार दिवसांत त्याच्याकडून जे जे करून घेतलं तेच इथे लिहितोय.

आधी हे ठरवा

सोमवारपासून कामावर जायला सायकल हवी असेल तर ही वाट सोडा आणि दुकानातून साधी नवी घ्या. जुनी रेसर घरी आल्यावर पहिला महिना तुम्ही तिच्यावर कमी बसता आणि तिच्याशेजारी जास्त बसता. हात काळे करायची आवड असेल, किंवा अण्णांसारखा एखादा माणूस हाकेच्या अंतरावर असेल, तरच पुढे वाचा.

सायकल कुठल्या हवेत वाढली?

रंग, ब्रँड, किंमत सगळं नंतर. विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा : सायकल कुठल्या गावात होती, घरात होती की गॅलरीत, आणि शेवटची कधी चालवली?

आपल्याकडचा वारा खारा आहे हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको, खिडकीचे गज दर दोन वर्षांनी रंगवताना ते कळतंच. पण सायकलच्या बाबतीत बाहेरचा गंज ही किरकोळ गोष्ट आहे. खरी खोड आत असते. सीटची दांडी आणि हँडलचा गळा (हँडलला फ्रेमशी जोडणारा तुकडा) बहुधा ॲल्युमिनियमचे असतात आणि ते ज्या नळीत बसतात ती स्टीलची. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून आणि मध्ये खारट ओल, म्हणजे बॅटरीच झाली. त्यात ॲल्युमिनियम झिजतं, त्याची पांढरी भुकटी होते, आणि ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. ती फटीत ठासून बसते आणि दांडी आत आवळली जाते. वरून सगळं चकचकीतच दिसत असतं. दांडीला कोणी वर्षा-दोन वर्षांनी ग्रीस लावलं असेल तर हे होत नाही, पण गॅलरीत उभ्या सायकलला ग्रीस लावतो कोण?

म्हणून माझा कल उघड आहे. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नगर अशा समुद्रापासून लांबच्या मुलखातली सायकल असेल तर बोलणं पुढे न्यावं. मुंबई, अलिबाग किंवा गोव्यातली असेल तर संशय धरूनच पुढे जावं. हा काही अटळ नियम नव्हे. बंद खोलीत ठेवलेली, वापरातली मुंबईची सायकल उत्तम असू शकते. उलट घाटावर गोठ्याला टेकवून ठेवलेली सायकल शेणामुताने खाल्लेली असू शकते. भाच्याची लाल सायकल कोल्हापूरची निघाली. मालक निवृत्त मास्तर. त्यांच्या थोरल्या भावाने आखातात नोकरीला असताना घेतलेली जपानी सायकल, १९८० च्या दशकातली. माजघरात भिंतीला टेकवून, वर जुनी चादर. माझं अर्धं मन तिथेच तयार झालं, पण भाच्याला तसं सांगितलं नाही.

मापाची नसेल तर फुकटही नको

नवखा माणूस इथे हमखास चुकतो. सीट वर-खाली करता येते म्हणून कुठलीही फ्रेम चालेल असं त्याला वाटतं. पण आडव्या दांडीची लांबी आणि उंची बदलता येत नाही. मोठ्या फ्रेमवर हँडल लांब पडतं, पाठ आणि मान दुखते, आणि उतारावर अचानक थांबून खाली उतरायची वेळ आली की आडवी दांडी नको तिथे लागते.

अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहा, एक जाड पुस्तक दोन पायांच्या मध्ये वर घट्ट सारा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्या आकड्याला ०.६६ ने गुणा. जुन्या आडव्या दांडीच्या रेसरसाठी उभ्या नळीची लांबी साधारण तेवढी हवी. भाच्याचं माप ८१ सेंटिमीटर, म्हणजे साडेत्रेपन्नच्या आसपास.

मग विकणाऱ्याला टेप लावून फोटो काढायला सांगा. पायडलचे दोन्ही दांडे ज्यावर फिरतात त्या आखाच्या मध्यापासून सुरू करून सीटखालच्या उभ्या नळीवरून आडव्या दांडीच्या मध्यापर्यंत. दुसरा फोटो आडव्या दांडीच्या लांबीचा. ‘मीडियम आहे’, ‘साडेपाच फुटाच्या माणसाला होते’ ही मापं नव्हेत. मास्तरांनी शिंप्याची टेप लावून फोटो पाठवला : ५४. चालेल. ५७ असती तर मी तिथेच नको म्हटलं असतं.

फोटो कसे मागायचे

जाहिरातीतले फोटो सुंदर दिसण्यासाठी काढलेले असतात. आपल्याला कुरूप फोटो हवेत, तेही दिवसाउजेडी.

सगळ्यात आधी उजव्या बाजूने, म्हणजे चेनच्या बाजूने, अगदी काटकोनात काढलेला पूर्ण सायकलचा फोटो. यात पुढचं चाक धरणारा चिमटा बघायचा. हँडलखालच्या आखूड नळीची रेघ मनात खाली वाढवा. चिमट्याचा वरचा सरळ भाग त्याच रेघेवर असला पाहिजे, आणि पुढे जाऊन त्याला बाक येतो. चिमटा त्या रेघेच्या मागे गेलेला दिसला तर सायकल कधीतरी समोरून धडकलेली आहे. अशा वेळी दुसरा फोटो मागायचा तो त्या आखूड नळीच्या लगेच मागचा. आडवी आणि तिरकी नळी जिथे जोडली जाते, तिथे खालच्या बाजूला फुगवटा किंवा रंगाला सुरकुती दिसते का ते बघा. दिसली तर नमस्कार करून बाहेर पडा. ही दुरुस्ती होते, पण ज्याला पितळ भरून नळ्या जोडायची कला येते असा कारागीर आता शोधून सापडत नाही.

सायकल उलटी करून पायडलच्या आखाखालचा फोटो घ्या. फ्रेममध्ये शिरलेलं पाणी शेवटी तिथेच साचतं, गंजाची सुरुवातही तिथूनच. बहुतेक फ्रेमचा नंबरही तिथेच कोरलेला असतो. नंबर घासून काढलेला दिसला तर बोलणं थांबवा, सायकल चोरीची असू शकते. मागच्या आखाचे कान (मागच्या चाकाचा आख बसतो त्या खाचा), ब्रेकचं भोक, सीटच्या बोल्टचे कान यांचे जवळून फोटो. केसासारखी रेघ दिसली तर ती रंगाची आहे की धातूची हे फोटोत कळत नाही, तिथे नखाने खरवडून व्हिडिओ काढायला सांगा.

आणि ताजा रंग! ‘नुकतीच पेंट केली आहे’ हे वाक्य वाचून खूश होऊ नका. नव्या रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवलेलं भोक असू शकतं. फ्रिजवरचं लोहचुंबक नळ्यांवरून फिरवायला सांगा. एखाद्या जागी ते सैल पडलं तर तिथे रंगाखाली लोखंड कमी आणि लांबी जास्त. जुना, उडालेला, ओरखड्यांचा रंग मला बरा वाटतो. निदान तो काही झाकत नाही.

दांडी वर-खाली करून दाखवा

आता मुख्य गोष्ट. एक व्हिडिओ मागा, मध्ये कुठेही न तोडलेला. सीटचा बोल्ट सैल करायचा, दांडी पूर्ण बाहेर काढायची, तिच्या खालच्या भागावर कोरलेला आकडा कॅमेऱ्यासमोर धरायचा आणि दांडी परत आत घालायची.

या एका मिनिटात तीन गोष्टी कळतात. दांडी अडकलेली नाही, ही पहिली आणि माझ्या दृष्टीने निम्मी किंमत याचीच. दुसरी, नळीच्या आतला गंज : दांडी बाहेर आली की मोबाइलचा टॉर्च लावून आत डोकावायला सांगा. तपकिरी धूळ असेल तर हरकत नाही, पापुद्रे सुटत असतील तर नको. तिसरी गोष्ट दांडीवरच्या आकड्यातून कळते. २७.२ मिलिमीटर असेल तर उभी नळी पातळ, म्हणजे फ्रेम चांगल्या प्रतीची असण्याचा संभव मोठा. २६.८, २६.६ हेही ठीक. २५.४ च्या आसपास असेल तर नळी जाड आणि सायकल जड. स्टिकर कोणीही छापून आणतं. रेनॉल्ड्सने ५३१ नळी १९३५ साली काढली आणि पुढची कित्येक दशकं तिच्या नावाचा दबदबा राहिला, त्यामुळे तिची नक्कल स्टिकरं भरपूर. दांडीवरचा आकडा मात्र कोणी बदलत बसत नाही. वजनाची शंका असेल तर मासळीवाल्यांकडचा हुकाचा काटा आडव्या दांडीला लावून सायकल उचलायला सांगा. दहा-अकरा किलो भरली तर छान, चौदा भरली तर ती रेसरच्या वेषातली साधी सायकल समजायची.

‘दांडी जाम आहे, पण गॅरेजमध्ये निघेल’ असं उत्तर आलं, तर ती गॅरेजमधून काढून मग विकायला सांगा. उगाच भिडेखातर गप्प बसू नका. मी बसलो होतो.

याच प्रकारे हँडलचा गळाही. वरचा बोल्ट दोन-तीन आटे सैल करून त्यावर लाकडाने हलकेच ठोकलं की गळा सुटायला हवा. मग पुढचं चाक उचलून हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवायचं. मध्यावर आल्यावर ते खट्‌कन बसत असेल तर आतल्या वाट्यांना छर्‍यांचे खड्डे पडलेत. वाट्या बदलता येतात, पण त्याचे पैसे किमतीतून वजा करा. पायडलचे दोन्ही दांडे हाताने आत-बाहेर हलवून पाहायचे, खुळखुळ नको.

मास्तरांनी व्हिडिओ पाठवला तेव्हा मागून त्यांच्या सौभाग्यवतींचा आवाज येत होता, ‘‘अहो, चहा गार होतोय.’’ दांडी पहिल्या झटक्याला वर आली. आकडा २६.८.

चाकांचे आकडे

कोकणात जुनी रेसर घेणाऱ्याला सगळ्यात जास्त मनस्ताप टायर देतात. टायरच्या कडेवर उठावदार आकडे असतात त्यांचा फोटो मागा. आपल्याला त्यातला तीन आकडी नंबर हवा. ६२२ म्हणजे ७०० सी. हल्लीच्या हायब्रिड सायकलींना हेच चाक असतं, त्यामुळे रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ अशा ठिकाणी टायर मिळतो, नाहीतर ऑनलाइन येतो. ६३० म्हणजे जुनं २७ इंची. हा टायर शोधावा लागतो. दुकानदार अगदी विश्वासाने ‘२७ आहे ना’ म्हणून साडेसत्तावीसचा काढून देतो. तो ५८४ चा, डोंगरी सायकलचा. दोन्हींत ४६ मिलिमीटरचा फरक आहे. आणि आपल्या दूधवाल्याच्या काळ्या सायकलचा २८ बाय दीडचा टायर ६३५ चा, तोही यातल्या कशालाच बसत नाही.

टायर रिमला डिंकासारख्या सिमेंटने चिकटवलेला असेल, म्हणजे ट्यूब्युलर असेल, तर चाकंच बदलायची तयारी ठेवा. त्याचं पंक्चर काढायला टायरची शिवण उसवावी लागते. अण्णांना मी एकदा असा टायर दाखवला. ते म्हणाले, ‘‘ही सायकल हाय का गोधडी?’’

२७ इंची चाकं काढून ७०० सीची घालता येतात. रिम ४ मिलिमीटर आत जाते, म्हणून ब्रेकचे रबर तेवढे खाली सरकतात का ते बघायचं. ब्रेकच्या खाचेत रबर आधीच तळाला असतील तर जमणार नाही. मागच्या कानांमधलं आतलं अंतरही टेपने मोजून घ्या : १२० मिलिमीटर म्हणजे पाच गिअरच्या काळातली, १२६ म्हणजे सहा-सातच्या, १३० म्हणजे त्यानंतरची. चाक त्या मापाचं हवं. स्टीलची फ्रेम जाणकाराच्या हाताने १२६ वरून १३० ला उघडता येते, ॲल्युमिनियमची नाही.

रिम कशाची आहे हे विचारायला विसरू नका. लोहचुंबक चिकटलं तर क्रोम केलेलं स्टील. उन्हाळ्यात दिसायला ती झकास, पण भिजली की ब्रेक लागतच नाही. रबर नुसतं घसरत राहतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस, घरापासून खाडीपर्यंत सगळा उतार, आणि वळणावर एसटी. अशा रिमवर पावसात जाऊ नका, सायकल घेतलीत तर ॲल्युमिनियमच्या रिमचा खर्च हिशेबात पहिला लिहा. हँडलच्या आडव्या भागाला समांतर जोडलेले जादा ब्रेकचे दांडे असतात, त्यांचाही फार भरवसा धरू नये. त्यांनी ब्रेक अर्धवट लागतो.

टायर आणि फ्रेम यांच्यातली फटही बघायची. शर्यतीच्या खास फ्रेममध्ये २५-२८ मिलिमीटरपेक्षा रुंद टायर बसत नाही आणि आपल्या रस्त्यांवर मला ३२ च्या खाली जायला नको वाटतं. कानांवर मडगार्ड लावायची बारीक भोकं असतील तर ती फ्रेम बहुधा प्रवासाची, फटी मोकळ्या. शर्यतवाले अशा फ्रेमला नाक मुरडतात, म्हणून ती स्वस्तात मिळते. आपल्याला तीच हवी.

गिअर आणि आपले चढ

जुनी रेसर सपाटीवरच्या तरण्या पोरांसाठी केलेली असते. पुढे ५२ आणि ४२ दात, मागे १४ ते २४. यातला सगळ्यात हलका गिअर म्हणजे ४२ भागिले २४, पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण पावणेचार मीटर पुढे जाणार. हल्लीच्या सायकलींत पुढे ३४ आणि मागे ३२ असतात, तिथे हेच अंतर सव्वादोन मीटरच्या आसपास येतं. आरे-वारेच्या किनाऱ्यावरून वर चढताना हा दीड मीटर मांड्यांना कळतो. आपले चढ घाटासारखे लांब नसतात. खाडीवरून सड्यावर एकदम उभे चढतात आणि लगेच पुन्हा उतरतात, दम धरायला जागाच नाही.

म्हणून मागच्या चक्रीचे मोठ्यात मोठे दात किती हे मोजून घ्या. २८ असतील तर तरुण माणसाला चालेल. त्याहून मोठी चक्री लावायची तर मागचा गिअर, म्हणजे चेन सरकवणारा भाग, लांब पिंजऱ्याचा लागतो. मास्तरांच्या सायकलला २८ होते.

गिअरचे दांडे तिरक्या नळीवर असले तर घाबरू नका. खट्‌कन न बसणारे, नुसत्या घर्षणावर चालणारे जुने दांडे गावाकडे फायद्याचे, कारण त्यांना कुठलाही गिअर आणि कुठलीही चक्री चालते. गिअर बसला की नाही हे कानाने ओळखायला आठवडा लागतो.

पायडलचे दांडे कॉटर पिनवर (दांडा आखाला घट्ट धरणाऱ्या पाचरीवर) बसवलेले असतील तर शहरी जाणकार नाक मुरडतील. आपल्याला अडचण नाही, कॉटर पिन प्रत्येक सायकलवाल्याला ठोकता येते. कॉटर नसलेले दांडे काढायला खास पुलर लागतो, तो तुमच्या गावात कोणाकडे आहे का ते आधी विचारून ठेवा.

ब्रँडबद्दल थोडक्यात. जपानी सायकली नवख्याला सोप्या, आटे प्रमाणित असतात. १९८० च्या आधीच्या फ्रेंच सायकलींचे आटे आणि मापं वेगळी, सुटे भाग मिळवताना जीव जातो, त्या टाळा. इटालियन सायकलच्या पायडलच्या आखाचे आटेही वेगळे, आणि इंग्लंडमधल्या जुन्या रॅलेंचे कधीकधी त्यांचे स्वतःचेच. आपल्याकडची हीरो हॉक किंवा एटलसची वाकड्या हँडलची सायकल जड असली तरी भाग कुठेही मिळतात. एटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनाला बंद पडला. तेव्हापासून ‘आता मिळणार नाही’ म्हणून किंमत चढवणारे दिसतात. ती सायकल घरोघरच्या माळ्यावर आहे, घाई नको.

किंमत

विकणाऱ्याच्या आकड्यावर घासाघीस करण्याआधी आपला आकडा काढा. जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो, दोन टायर, दोन ट्यूब, ब्रेकचे चार रबर, सगळ्या वायर, हँडलची पट्टी, सगळीकडचे छर्रे आणि ग्रीस हे बदलायचंच. चेन शाळेच्या फूटपट्टीने मोजायला सांगा : एका पिनेच्या मध्यापासून चोविसावी पुढची पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल तर चेनबरोबर मागची चक्रीही गेली. या सगळ्याचे भाव आपल्या गावातल्या दुकानात विचारून कागदावर मांडा, त्यात वाहतूक घाला आणि मग नवी चांगली सायकल केवढ्याला पडते ते बघा. माझ्या निळ्या सायकलच्या वेळी मी ही बेरीज केली नाही. भाच्याची बेरीज साडेसहा हजार झाली. मास्तर आठ मागत होते. बेरीज त्यांना तशीच पाठवली तेव्हा ते पाच हजारांवर आले. शिक्षकाला हिशेब दाखवला की पटतो.

पैसे देताना

सायकल न पाहता पूर्ण पैसे पाठवू नका, टोकनही नको. ‘मी लष्करात आहे, बदली झाली, सायकल कॅम्पातून पाठवतो, गेटपासचे पैसे आधी भरा’ ही गोष्ट कोणी सांगू लागला तर फोन ठेवा. फसवणुकीचा हा ठरलेला साचा आहे. तुम्हीच कधी काही विकत असाल आणि समोरचा ‘क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील’ म्हणाला तर तेही खोटं. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. फसलातच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

सायकल बघून, चालवून, मग पैसे. साध्या कागदावर दोघांची नावं, तारीख, रक्कम, फ्रेमचा नंबर आणि सह्या. मास्तरांनी तर रेव्हेन्यू स्टॅम्पही लावला.

घरी आणताना

शक्यतो स्वतः जा. एक दिवस जातो, पण वर लिहिलेल्या सगळ्या गोष्टी हाताने तपासता येतात. भाचा कुंभार्ली घाटातून एसटीने कोल्हापूरला गेला आणि परतताना सायकल ट्रॅव्हल्सच्या डिकीत आडवी टाकून आणली. डिकीत टाकण्याआधी पायडल काढा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने सुटतं. जोर लावून आटे खाऊ नका. मागचा गिअर बाहेर आलेला असतो, तो काढून फडक्यात गुंडाळून फ्रेमला बांधा. चाकं काढली तर चिमट्याच्या आणि मागच्या कानांमध्ये लाकडाचा तुकडा अडकवा, नाहीतर वर एखादी बॅग पडली की कान दबतात.

मुंबईहून आणायची तर कोकण रेल्वेने पार्सल करता येतं. सायकल दुकानातून रिकामं खोकं मागून आणा, वर नाव, फोन आणि स्टेशन ठळक लिहा. आपल्या स्टेशनवर गाडी दोनच मिनिटं थांबत असेल तर तिथे पार्सल उतरवून घेतात का हे बुकिंगच्या आधी विचारा. नाहीतर सायकल मडगाव बघून येईल.

पहिले आठ दिवस

आल्या आल्या चालवायला नेऊ नका. आधी दोऱ्याची परीक्षा. मागच्या उजव्या कानाला दोरा बांधायचा, पुढे हँडलखालच्या नळीला वळसा घालून मागे डाव्या कानापर्यंत ताणून आणायचा. आता दोरा आणि सीटखालची उभी नळी यांच्यातलं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. सारखं असेल तर फ्रेम सरळ. दोनेक मिलिमीटरचा फरक चालतो. मग चाकांचा आउट काढून घ्या आणि सगळं खोलून ग्रीस करा. पायडलच्या आखाची उजवी वाटी बहुतेक सायकलींत उलट्या आट्यांची असते, हे मेकॅनिकला आठवण म्हणून सांगा.

फ्रेम मोकळी असतानाच आतून तेल द्या. उकळलेलं अळशीचं तेल नळ्यांमध्ये थोडं थोडं ओतायचं, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवायची आणि उलटी टांगून जादाचं निथळू द्यायचं. ते सुकून आत पातळ साय धरते आणि खारी ओल धातूपर्यंत पोचत नाही. खोबरेल तेल घरात डबाभर आहे म्हणून ते ओतू नका, ते असं सुकत नाही. सीटच्या दांडीला आणि हँडलच्या गळ्याला ग्रीस, आणि दर पावसाळ्यानंतर दांडी काढून पुन्हा. दाभोळ-धोपावे फेरीबोटीतून किंवा वाळूवरून आलात तर त्याच दिवशी ओल्या फडक्याने पुसून मग कोरडी करा.

भाच्याने फ्रेम माझ्या बहिणीच्या न्हाणीघराच्या वाशाला उलटी टांगली, खाली वर्तमानपत्रं पसरली. अळशीच्या तेलाचा वास तीन दिवस घरभर होता. ताईचा फोन आला, ‘‘तुझ्या भाच्याने घरात मेलेलं काहीतरी टांगलंय, तू येऊन काढ.’’ मी गेलो, पण जाताना निळ्या सायकलची मागची चक्री काढून घेऊन गेलो. तिला ३२ दात आहेत.